नोंदवहीमागचा माणूस

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. तोवर तो अकोल्याचाच भाग होता. त्याच्या सीमेपलीकडे मूर्तिजापूर तालुक्यात कंझारा नावाचे गाव आहे. विकासाचे अर्थशास्त्र शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या वाचनात हे नाव येते. कारंजा-मंगरूळपीरच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला मात्र ते क्वचितच ठाऊक असते!

हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने १९७५ साली कोरडवाहू मुलखातील काही गावांचा अभ्यास आरंभिला. त्यांत कंझारा व किनखेडा ही वऱ्हाडातील, तर शिरापूर व कळमण ही सोलापूरकडील गावे होती. प्रत्येक गावातून ४० कुटुंबे निवडली गेली : १० भूमिहीन मजुरांची, ३० लहानमोठ्या शेतकऱ्यांची. या कुटुंबांकडे साधारणतः दर तीनचार आठवड्यांनी जाऊन मजुरी, पेरणी, उसनवारी, बैलांची खरेदीविक्री टिपून घेण्याचे काम गावातच बिऱ्हाड केलेल्या अन्वेषकाकडे होते. संशोधन साहाय्यक म्हणतात तो हाच.

हे काम कारकुनी समजले जाते, आणि तेथेच चूक होते. शेतकरी परक्याला कर्ज सहजासहजी सांगत नाही. पिकाचा आकडाही हात राखूनच देतो. घरी दळलेली ज्वारी, मजुरीपोटी मिळालेले धान्य, सोयऱ्याकडून आणलेले पैसे यांतले काय कोणत्या रकान्यात घालावे, हा निर्णय ओसरीवर बसलेल्या साहाय्यकालाच घ्यावा लागतो. अर्थशास्त्र तेथून सुरू होते.

याच नोंदींवरून रोझेनझ्वाइग व स्टार्क यांनी १९८९ मध्ये दाखविले की, लेकी दूरच्या गावी देण्यामागे अवर्षणापासून संरक्षणाचाही हेतू असू शकतो. १९९४ मध्ये रॉबर्ट टाउनसेंड यांनी कंझारा, शिरापूर व औरेपल्ले यांच्या आधारे असे मांडले की, एखाद्या घरची मिळकत बुडाली तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च बव्हंशी गावाच्या सरासरीबरोबरच चालतो. तीन वर्षांनी रॅव्हॅलियन व चौधुरी यांनी आक्षेप घेतला, तो घरखर्च मोजण्याच्या पद्धतीवर! थोरामोठ्यांचा हा वाद अखेर कोणत्या रकान्यात काय भरले यापाशीच येऊन ठेपला. त्या रकान्यांत आकडे भरणाऱ्यांची नावे बहुधा आभारप्रदर्शनाच्या पानापलीकडे जात नाहीत.

पुण्याच्या मातीत याहून उदार उदाहरण सापडते. डॉ. हॅरोल्ड मॅन यांच्या जातेगाव बुद्रुकच्या पाहणीवर, १९२१ साली, सहलेखक म्हणून ना. वि. कानिटकर यांचे नाव छापले गेले.

आज वाशीम हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि पाहणीपथकांना त्याची वाट चांगली माहीत आहे. पाहणी करणारी स्थानिक मुले मात्र बहुधा चार आठवड्यांच्या कंत्राटावर, भरलेल्या अर्जामागे ठरलेल्या दराने राबतात. अर्जाचा दर ठरला की वेगाला मोल येते, आणि ज्या घराला कुलूप आहे तेथे पुन्हा जाणे पोटाला परवडत नाही. उलटपक्षी, एम.ए.च्या वर्गात ‘संशोधनपद्धती’ हा विषय टिपणांवरून पाठ होतो. दोन विद्यार्थ्यांनी मिळून सहा कुटुंबांचा सोयाबीनचा एक हंगाम, पेरणीपासून अडत्याच्या पट्टीपर्यंत, नोंदवहीत उतरवायचा ठरवला, तर त्यास एस.टी.चे भाडे आणि प्राध्यापकांचे काही रविवार एवढाच खर्च आहे.