धावण्याआधी थांबणे

घरात दीड-दोन वर्षांचा उतावळा कुत्रा आणि सत्तरी ओलांडलेले वडीलधारे एकत्र राहत असतील, तर त्या कुत्र्याचे प्रेम हीच मोठी चिंता असते. दार उघडताच तो छातीवर झेप घेतो, साखळीला हिसका देतो. उतारवयात हाडे ठिसूळ होतात, तोल सावरायला वेळ लागतो आणि अशा एका धक्क्याने खुब्याचे हाड मोडू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला बसलेला मार किरकोळ दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

यावर बहुतेक घरांत कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवले जाते. माझ्या मते हा उपाय उलटा आहे, कारण बांधलेला कुत्रा सुटताच दुप्पट उसळतो. आपल्या लातूर जिल्ह्यातील जानवळ गावच्या पश्मी कुत्र्यांकडे पाहा. लांब पाय, खोल छाती आणि हलणारे काही दिसले की त्यामागे पळण्याची उपजत वृत्ती. अशा जनावराला पळू न देणे हा अन्यायच.

पाश्चात्य देशांत या ऊर्जेला ‘अ‍ॅजिलिटी’ नावाचा खेळ मिळाला. 1978 साली लंडनमधील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर तो प्रथम दाखवण्यात आला. आडव्या दांड्यांवरून उड्या, बोगदा, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी धाव असे त्याचे स्वरूप. पण मला त्यातील सर्वांत मोलाचे वाटते ते एक साधे टेबल. अमेरिकेतील स्पर्धांत भर शर्यतीत कुत्र्याला या टेबलावर पाच सेकंद थांबावे लागते. उतावळ्या कुत्र्याची खरी परीक्षा तिथेच होते.

स्पर्धेला जायचे नसले तरी हा खेळ आपल्या अंगणात मांडता येतो. आजोबांनी वा आजींनी भक्कम खुर्चीवर बसूनच शिकवावे; साखळी घरातील तरुणाच्या हाती असावी. कुत्र्याचे चारही पाय जमिनीवर असतील त्याच क्षणी खाऊचा बारीक तुकडा द्यावा. उडी मारली, तर न ओरडता तोंड फिरवावे. रागावणे हेही त्याला लक्ष दिल्यासारखेच वाटते. मग जमिनीवर रिकामे पोते अंथरून त्यावर ‘थांब’ शिकवावे. पहिल्या दिवशी एक अंक मोजेपर्यंत, पुढे हळूहळू पाचपर्यंत. घाई करू नये; हे जमायला कित्येक आठवडे लागू शकतात. खाऊ म्हणून बिनमसाल्याच्या उकडलेल्या कोंबडीचे तुकडे चालतात. द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विषारी ठरतात.

थांबणे पक्के झाले की दोन विटा आडव्या ठेवून त्यांवर कडब्याचे धाट ठेवावे. पाय लागला तर ते सहज पडते, इजा होत नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंत, उंच उड्या टाळाव्यात. नातवाने सोबत धावावे आणि आजोबांनी हाताने खूण करावी. कुत्र्याला शब्दापेक्षा खूण लवकर कळते. पाच मिनिटांचा खेळ सकाळ-संध्याकाळ पुरे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात सूर्य चढण्यापूर्वीच हे आटोपावे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. फिरवताना साखळी मनगटाला गुंडाळू नये, आणि गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरल्यास त्याच्या गळ्यावर ताण येत नाही.

खेळताना नख वा दात लागून रक्त आले, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली असली, तरी स्वतःला लस हवी की नको हे घरी न ठरवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.