थर्मोपिलीची खिंड आणि मागे हटलेला समुद्र

पावनखिंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अरुंद वाट आणि ती अडवून उभी राहिलेली मूठभर माणसं येतात. ग्रीस देशातही अशीच एक खिंड आहे, थर्मोपिली. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा बादशहा झर्क्सीस प्रचंड फौज घेऊन ग्रीसवर चालून आला, तेव्हा स्पार्टाचा राजा लिओनिडास याने त्याला इथे तीन दिवस झुंजवलं. बीएला असताना मीही ‘स्पार्टाचे ३०० वीर’ पाठ केले होते.

अथेन्सहून उत्तरेला साधारण २०० किलोमीटरवर, हमरस्त्याला लागूनच ही जागा आहे. पण गाडीतून उतरलेला माणूस चक्रावतो. खिंड कुठे आहे? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नुसती सपाट जमीन! त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी समुद्र होता आणि मधली वाट काही ठिकाणी एक गाडी जेमतेम जाईल एवढीच होती. पुढे स्पर्खिओस नदी शेकडो वर्षं गाळ आणत राहिली आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटला. धरणात गाळ किती भरतो ते आपण बघतोच. इथे तर गाळाने जुनं रणांगणच खाली गाडलं. त्या सपाटीवर मनाने पाणी भरून पाहिलं, तरच एवढ्याशा माणसांनी एवढी फौज कशी रोखली ते कळतं.

गरम पाण्याचे झरे मात्र अजून वाहतात, गंधकाचा वास येतो. त्यांच्यावरूनच जागेला ‘उष्ण दरवाजे’ हे नाव पडलं.

रस्त्याकडेला १९५५ साली उभारलेला लिओनिडासचा पुतळा आहे. समोर कोलोनोस नावाची लहानशी टेकडी. एका स्थानिक माणसाने शत्रूला डोंगरातली आडवाट दाखवली, आणि घेरलेले ग्रीक शेवटी या टेकडीवर लढून मेले. १९३९ मध्ये इथे खोदकाम झालं तेव्हा बाणांची पुष्कळ टोकं सापडली.

पण ते ३०० एकटे नव्हते. थेस्पिए या छोट्या नगराचे ७०० जण, परत जायची मुभा असताना, आपणहून मागे थांबले आणि मेले. नंतर झर्क्सीसने त्यांचं नगर जाळलं. घरची माणसं आधीच गाव सोडून गेली होती. त्या ७०० जणांचं स्मारक उभं राहायला १९९७ साल उजाडलं. ते लिओनिडासच्या पुतळ्याजवळच आहे. त्याचा फोटो काढून झाला की चार पावलं तिकडेही जायचं.