'गर्भावस्था' नेमकी कोणती?

रब्बी ज्वारीला पेरणीनंतर २८ ते ३०, ५० ते ५५, ७० ते ७५ आणि ९० ते ९५ दिवसांनी पाणी द्यावे, ही शिफारस आपणास ठाऊक आहे. घोटाळा होतो तो 'गर्भावस्था' या शब्दाने. कोणी तो पहिल्या पाण्यासाठी लिहितो, तर कोणी पोटरीलाच गर्भावस्था म्हणतो. नुसता शब्द वाचून वागल्यास पहिले पाणी तीन आठवडे लांबते.

महिन्याच्या पिकात वरून फक्त पाने दिसतात. पण एखादे ताट मुळाशी उपटून उभे चिरा. आतला वाढीचा कोंब पाने तयार करणे थांबवून कणसाचा पाया घालू लागलेला असतो. कणीस किती मोठे होऊ शकेल, हे इथपासून ठरत जाते. पोटरीत ते शेवटच्या पानाच्या आवरणात फुगलेले दिसते, एवढेच.

अमेरिकेत व्हँडरलिप व रीव्ह्ज यांनी १९७२ साली ज्वारीच्या वाढीला ० ते ९ असे क्रमांक दिले. त्यात कोंबाचा हा बदल ३, पोटरी ५ आणि निम्मा फुलोरा ६. थंडीने किंवा वाणामुळे दिवस मागेपुढे झाले तरी क्रमांक बदलत नाही. आपला हुरडा ७ च्या आसपास बसतो.

संशोधकांचीही अडचण हीच होती. भाताची लोंबी, मक्याचा तुरा, ज्वारीचे कणीस हे मुळात पुष्पविन्यासाचेच प्रकार. पण नावे निराळी असल्याने भातावरील शोध ज्वारीच्या पैदासकाराला संगणकावर सापडत नसे. म्हणून 'प्लांट ऑन्टॉलॉजी' हा संज्ञाकोश तयार झाला. त्यात प्रत्येक अवयवाला व अवस्थेला एक व्याख्या आणि एक क्रमांक आहे. पुष्पविन्यासाचा क्रमांक ०००९०४९. तुरा, लोंबी त्याच्या पोटात येतात. कोणते जनुक कोठे व केव्हा काम करते, याच्या नोंदी या क्रमांकांना जोडतात. इंटरनेटवर तो विनामूल्य पाहता येतो. इंग्रजी असला तरी अनेक संज्ञांना स्पॅनिश व जपानी नावे जोडलेली आहेत.

तशीच पोटरी, निसवण, चीक, हुरडा हे शब्दही जोडता येतील. मात्र आधी त्यांचा अर्थ पक्का हवा. तेव्हा यंदा आपल्या गावात 'गर्भावस्था' कशाला म्हणतात ते पेरणीची तारीख, वाण व त्या दिवशीची पानांची संख्या यांसह लिहून विद्यापीठाच्या विस्तार विभागाकडे पाठवावे.