अहिराणीतली क्रियाविशेषणे

धुळे जिल्ह्यात आणि जळगावच्या पश्चिम भागात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीत स्थळ दाखवणारी क्रियाविशेषणे ठसठशीत आहेत: ‘आठे’ म्हणजे इथे, ‘तठे’ म्हणजे तिथे. वेळेसाठी ‘आते’ म्हणजे आता, ‘कव्हय’ म्हणजे केव्हा. प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी इथे बहुधा ‘य’ येतो, म्हणून सकाळ ‘सकाय’ होते. ‘आते’ क्रियापदाआधी येते आणि कर्त्यानुसार बदलत नाही: ‘मी आते येस’, ‘तो आते येस’. नामाला ‘मा’ जोडूनही स्थळ दाखवता येते: ‘वावरमा’ म्हणजे शेतात. हा ‘मा’ गुजरातीशी जुळतो. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणाने 1907च्या खंडात खानदेशीला, म्हणजेच अहिराणीला, भिल्ली भाषांसोबत ठेवले. त्यामुळे अहिराणीला निव्वळ अशुद्ध मराठी म्हणणे चूकच.