नाद आणि श्वास

रात्री किरकिरणाऱ्या बाळाला आई मांडीवर घेते आणि हळू आवाजात गुणगुणू लागते. त्या गुणगुणण्यातील शब्द बाळाला समजत नाहीत. तरी थोड्याच वेळात त्याचे रडणे मंदावते व डोळे मिटू लागतात. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत. ओव्यांनी जात्याचे वजन कमी होत नसे, तरी दळणाचे श्रम मात्र सुसह्य होत. असे का व्हावे? नादाचा आपल्या शरीराशी आणि मनाशी कोणता संबंध असावा?

आपल्या देशातील योगाभ्यासकांनी या संबंधाचा विचार फार पूर्वी केला होता. पतंजलींच्या योगसूत्रांत प्रणवाचा, म्हणजे ओंकाराचा जप करावा व त्याच्या अर्थाचे चिंतन करावे, असे सांगितले आहे. या अभ्यासाने जी विघ्ने दूर होतात, त्यांची यादीही तेथे आहे आणि तिच्यात पहिले नाव व्याधीचे आहे. चित्त विचलित झाले म्हणजे मनाला खिन्नता येते, अंगाला कंप सुटतो आणि श्वासाची लयही बिघडते, ही गोष्टही सूत्रकारांच्या नजरेतून सुटलेली नाही. पुढे सुमारे पंधराव्या शतकात स्वात्माराम यांनी ‘हठयोगप्रदीपिका’ हा ग्रंथ रचला. त्यात सांगितलेल्या प्राणायामाच्या आठ प्रकारांपैकी एकाचे नाव आहे ‘भ्रामरी’. भ्रमर म्हणजे भुंगा. भुंग्याच्या गुंजारवासारखा नाद करीत श्वास सोडणे, हे या प्राणायामाचे लक्षण होय.

आता हा नाद शरीरात कसा उत्पन्न होतो ते पाहू. आपल्या गळ्यात स्वरयंत्र असते. फुप्फुसांतून बाहेर पडणारी हवा त्यातील स्वरतंतूंना कंपित करते आणि आवाज निघतो. ओंकार हा अ, उ आणि म् या तीन ध्वनींचा मिळून झाला आहे. छातीवर तळहात ठेवून ‘अ’ लांबवा. तळहाताला कंप जाणवेल. ‘उ’ म्हणताना ओठांचा चंबू होतो. ‘म्’ म्हणताना ओठ मिटतात आणि सारा नाद नाकावाटे बाहेर येतो. त्या वेळी नाकाच्या दांडीला बोट लावले, तर तेथेही कंप लागतो.

परंतु खरे मर्म कंपापेक्षा श्वासात अधिक आहे. आपण स्वर काढतो तो श्वास सोडताना. म्हणून स्वर जितका लांबवावा, तितका उच्छ्वास लांबतो आणि एका मिनिटातील श्वासांची संख्या घटते. विश्रांती घेत असलेला मोठा माणूस मिनिटाला साधारणपणे १२ ते २० वेळा श्वास घेतो. सावकाश ओंकार म्हणताना ही संख्या पाच-सहावर येऊ शकते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद पडतात व सोडताना ते किंचित मंद होतात. मनगटावरील नाडीवर बोटे ठेवून शांतपणे बसल्यास पुष्कळांना हा फरक जाणवतो. दीर्घ उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला शांत करणाऱ्या मज्जातंतूंचे काम वाढते. भ्यालेला मनुष्य भराभर श्वास घेतो. उलट श्वास संथ केला, तर भीतीही ओसरू लागते. आई गुणगुणू लागली की तिचा स्वतःचा श्वास संथ होतो, आणि तिच्या कुशीतील बाळालाही ती लय लाभते.

जुने आहे म्हणून खरे मानावे, किंवा जुने आहे म्हणून खोटे ठरवावे, या दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या नव्हेत. ही दृष्टी महाराष्ट्रात ज्यांनी रुजविली, त्यांपैकी एक म्हणजे स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. काही वर्षे त्यांनी खानदेशातील अमळनेर येथे अध्यापन केले. योगक्रिया करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व मोजमापाच्या साहाय्याने तपासण्यास प्रारंभ केला. १९२४ साली त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. श्रद्धेने केलेल्या अभ्यासालाही कसोटी लावावी, हा धडा त्यांनी घालून दिला.

मंत्रोच्चारालाही पुढे अशी कसोटी लागली. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला व त्याचा वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध झाला. या माणसांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना म्हटली आणि एकदा योगातील मंत्र म्हटला. दोन्ही वेळी त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाबातील चढउतार सावरण्याची शरीराची क्षमता त्या वेळेपुरती वाढलेली आढळली. प्रार्थना निराळ्या, भाषा निराळ्या. श्वासाची लय मात्र एकच! २००२ साली स्वीडनमधील संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. तोंड मिटून गुणगुणले असता नाकावाटे बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचे प्रमाण साध्या उच्छ्वासापेक्षा सुमारे १५ पट झाले. नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांमध्ये हा वायू तयार होतो. गुणगुणण्याच्या कंपांमुळे तेथील हवा चांगली खेळते. मात्र एवढ्यावरून गुणगुणल्याने सर्दी बरी होते, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. जेवढे दिसले, तेवढेच सांगावे. हाच शास्त्राचा नियम आहे.

हा नियम मोडला म्हणजे काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. सारी आळी त्यांना आबा म्हणे. त्यांना दम्याचा विकार होता. ते रोज सकाळी ओंकाराचा अभ्यास करू लागले आणि त्यांना बरे वाटू लागले. ‘आता औषधाची गरज काय?’ असे म्हणून त्यांनी डॉक्टरांना न विचारताच औषध बंद केले. पुढे थंडीच्या दिवसांत एका रात्री त्यांना असा दम लागला की तोंडातून शब्द फुटेना. ज्या श्वासावर ओंकार म्हणावयाचा, तो श्वासच अपुरा पडू लागला! आम्ही त्यांना तातडीने इस्पितळात नेले, म्हणून ते वाचले. घरी परतताना डॉक्टर त्यांना म्हणाले, “आबा, ओंकार अवश्य चालू ठेवा, पण औषधाला रजा देऊ नका. दोघांची कामे वेगळी आहेत.” त्यानंतर आबांनी दोन्ही गोष्टी नेमाने केल्या.

नाद रोगजंतूंना मारीत नाही, मोडलेले हाड सांधीत नाही आणि ताप उतरवीत नाही. त्यासाठी वैद्यच हवा. परंतु घाबरलेल्या मनाला धीर देणे, धावणाऱ्या श्वासाला लय देणे, आणि दुखण्याने त्रासलेल्या माणसाला विसावा देणे, एवढे काम तो करू शकतो. आणि हे काम काही लहान नव्हे.

हा अनुभव तुम्हांलाही घेता येईल. पाठ ताठ ठेवून, पण अंग सैल सोडून बसा. डोळे मिटा. नाकाने श्वास घ्या आणि ओठ मिटून ‘म्’ असा मृदू नाद करीत तो सावकाश सोडा. श्वास कोंडू नका, आवाज चढवू नका, शेजाऱ्याशी स्पर्धा करू नका. पाच आवर्तने पुरेत. चक्कर आल्यासारखे वाटले, तर लगेच थांबा. अभ्यासापूर्वी आणि अभ्यासानंतर मिनिटभर आपली नाडी मोजा व ते आकडे वहीत टिपून ठेवा. महिनाभर असे केल्यावर नादाने काय साधले, हे तुम्हांला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. तुमची वहीच ते सांगेल.