दगडावर उतरलेली नदीची रात्र

शिळामुद्रण अथवा शिळाछाप ही छपाईची पद्धत आज बहुतांशी मागे पडली आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात जाहिराती, नकाशे आणि कचेरीतील कागदपत्रे छापण्यासाठी ती सर्रास वापरली जाई. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, तेही याच पद्धतीने. नित्य व्यवहारातील या साधनाने किती सूक्ष्म परिणाम साधता येतो, हे पाहावयाचे असेल तर जेम्स व्हिस्लर या चित्रकाराचे १८७८ सालचे ‘नॉक्टर्न’ हे शिळाचित्र पाहावे. रात्रीचे वातावरण उभे करणाऱ्या संगीतरचनेला युरोपात ‘नॉक्टर्न’ म्हणतात.

चित्राचा विषय

व्हिस्लर यांचा जन्म १८३४ साली अमेरिकेत झाला. पुढे ते लंडन शहरात थेम्स नदीकाठच्या चेल्सी भागात राहिले. नदीच्या पलीकडे बॅटरसीचे कारखाने होते. दिवसा धूर आणि काजळी यांनी माखलेला हा काठ रात्रीच्या धुक्यात वेगळाच दिसे. चित्रात आहे ते एवढेच : नदीचे संथ पात्र, पैलतीरावरील इमारतींची व चिमण्यांची गडद रेषा आणि पाण्यात लांबलेली प्रतिबिंबे. चित्राचा आकारही लहान, सुमारे १७ सेंटिमीटर उंच व २६ सेंटिमीटर रुंद आहे.

दगडावरील छपाई

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या नियमावर शिळामुद्रण आधारलेले आहे. जर्मनीतील आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत शोधून काढली. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढतात. नंतर त्यावर डिंक व सौम्य आम्ल यांचे मिश्रण लावतात. दगड पाण्याने ओला करून शाईचा रूळ फिरविला की तेलकट रेघांवर शाई चढते व ओल्या भागावर ती चढत नाही. मग कागद ठेवून दाब दिला की ठसा उमटतो.

व्हिस्लर यांना हे तंत्र लंडनमधील मुद्रक टॉमस वे यांनी शिकविले. ‘नॉक्टर्न’साठी रेघांऐवजी पाण्यात पातळ केलेली तेलकट शाई कुंचल्याने दगडावर पसरण्यात आली आणि उजेडाच्या जागा खरवडून काढण्यात आल्या. हे काम जोखमीचे असते. आम्ल थोडे अधिक झाले तर फिकट छटा नाहीशा होतात व कमी पडले तर सर्व चित्र काळवंडते. छपाईसाठी निळसर कागद निवडल्यामुळे एकाच काळ्या शाईत रात्रीचा रंग साधला.

श्रमाचे मोल

त्याच वर्षी व्हिस्लर यांना न्यायालयात जावे लागले. त्यांच्या रात्रीच्या एका तैलचित्रावर जॉन रस्किन या नामवंत समीक्षकाने १८७७ साली कठोर टीका केली होती. दोन दिवसांच्या कामासाठी दोनशे गिनी मागता काय, असे त्यांना विचारण्यात आले. ही किंमत जन्मभर मिळविलेल्या ज्ञानाची आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण भरपाई मिळाली ती केवळ एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्चाच्या बोजाने त्यात भर पडून १८७९ साली त्यांचे दिवाळे निघाले.

त्यांच्या त्या उत्तराची सत्यता या शिळाचित्रातही दिसते. दगडावर शाई पसरण्यास थोडा वेळ पुरतो. मात्र त्यामागे अनेक वर्षांचे निरीक्षण होते. चेल्सीतील नावाड्यांच्या होडीतून व्हिस्लर रात्री नदीवर जात, दृश्य डोळ्यांत साठवीत आणि घरी येऊन स्मरणाने रंगवीत.

ठसे जपावेत

छपाई संपली की दगड घासून पुन्हा वापरला जाई. मूळ चित्र पुसले जाई व मागे उरत ते कागदावरील ठसे. आपल्याकडेही जुन्या शाळांतून, ग्रंथालयांतून व घराघरांतून शिळाछापाची पुस्तके, नकाशे आणि देवादिकांची चित्रे आढळतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील चित्रे त्यांपैकीच होत. ऊन, ओल व वाळवी यांपासून हे कागद जपणे अवघड नाही. रद्दीत घालण्यापूर्वी ते एकदा उजेडात धरून नीट पाहिले, तरी त्यांचे मोल ध्यानात येईल.