डीएमडीवरची जीन थेरपी: एका इंजेक्शनने मूल चालायला लागतं का?

"लहान मुलाला दुर्मिळ आजार, इंजेक्शनची किंमत कोटींमध्ये, मदत करा." असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल. समजा, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या एखाद्या ग्रुपवर तो आला आणि आजाराचं नाव आहे डीएमडी, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. पैसे पाठवायच्या आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: हे औषध नेमकं करतं काय?

आधी एक गल्लत दूर करू. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाला १६ कोटींचं औषध दिलं गेलं आणि केंद्र सरकारने त्यावरचा सुमारे ६ कोटींचा कर माफ केला, ही बातमी खूप गाजली होती. पण तो आजार एसएमए होता. डीएमडी वेगळा आजार आहे, त्याचं औषध वेगळं आणि त्याचा परिणामही वेगळा.

डीएमडीमध्ये बिघडतं काय?

बाइकचे शॉकअप गेले की प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट चेसीला बसतो. आपल्या स्नायूंमध्ये शॉकअपचं काम डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन करतं. ते बनवण्याची माहिती ज्या जीनमध्ये असते, त्यातच चूक असेल तर प्रथिन बनत नाही. मग चालताना, जिना चढताना स्नायूंच्या पेशी फाटत जातात आणि हळूहळू त्यांच्या जागी चरबी साठते.

हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाकडे एक्स एकच असल्यामुळे आजार जवळजवळ फक्त मुलांनाच होतो, साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला. उपचार नसतील तर बहुतेकांचं चालणं १२ वर्षांच्या आसपास थांबतं. पुढे हृदय आणि श्वासाचे स्नायूही कमजोर होतात.

इथे घरात एक अन्याय होतो, तो म्हणजे "आईकडून आलं" म्हणून आईलाच बोल लावला जातो. खरं तर सुमारे एक तृतीयांश केसेसमध्ये ही चूक मुलातच नव्याने झालेली असते. आईकडून आलेली असली, तरी त्यात तिचा काडीचाही दोष नाही.

मोठी फाइल, छोटं पाकीट

जीन थेरपीत पेशींमध्ये चांगल्या जीनची कॉपी पोचवतात. ती नेण्यासाठी एएव्ही नावाचा, आजार न पसरवणारा व्हायरस वापरतात. अडचण साइजची आहे. या व्हायरसमध्ये जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात. डिस्ट्रोफिन बनवण्याची सूचना मात्र सुमारे ११,००० अक्षरांची आहे.

म्हणून शास्त्रज्ञांनी फाइल कापून छोटी केली. तिच्यापासून बनणारं मायक्रो-डिस्ट्रोफिन मूळ प्रथिनाच्या साधारण एक तृतीयांश असतं. ही कल्पना रुग्णांकडे पाहूनच सुचली: जीनचा जवळपास अर्धा भाग नसूनही एक माणूस वयाच्या साठीनंतर चालत होता.

असं पहिलं औषध म्हणजे एलेव्हिडिस. अमेरिकेत त्याला जून २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. किंमत ३२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे २६ कोटी रुपये. ते सलाइनसारखं शिरेतून, एकदाच देतात. डोस वजनावर ठरतो, दर किलोला १३३ लाख कोटी व्हायरस कण! त्यानंतर शरीर या व्हायरसविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, त्यामुळे दुसरा डोस देता येत नाही.

मग मुलं चालली का?

हे व्हिडिओ बघून ठरत नाही, मोजावं लागतं. त्यासाठी १७ हालचालींची एक चाचणी आहे: उभं राहणं, उडी मारणं, पायरी चढणं वगैरे. एकूण गुण ३४.

४ ते ७ वर्षांच्या १२५ मुलांवर मोठी चाचणी झाली. वर्षभरात औषध घेतलेल्यांचे सरासरी २.५७ गुण वाढले, न घेतलेल्यांचे १.९२. हा फरक इतका कमी होता की तो योगायोगानेही आलेला असू शकतो. जमिनीवरून उठायला लागणाऱ्या वेळेत ०.६४ सेकंदांचा फरक दिसला. म्हणजे थोडी आशा आहे, चमत्कार नाही. गेलेले स्नायू हे औषध परत आणत नाही. जे उरलेत ते टिकवणं एवढाच त्याचा प्रयत्न असतो.

धोकाही खरा आहे. २०२५ मध्ये हे औषध घेतलेल्या, चालणं थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेत औषधावर सर्वांत कडक इशारा छापला गेला आणि आता ते फक्त चालू शकणाऱ्या, ४ वर्षांपुढच्या रुग्णांसाठीच आहे.

तुमचा फोन इथे कामाला येतो

स्नायू उरलेले असतानाच उपचाराचा उपयोग, म्हणून आजार लवकर ओळखणं महत्त्वाचं. एखादा ३-४ वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढायला कचरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत वर येतो? पोटऱ्या भरदार दिसतात, म्हणून घरचे "पोरगं दणकट आहे" म्हणतात? त्याच्या आईवडिलांना विचारून उठतानाचा छोटा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. ग्रुपवर मात्र टाकू नका.

पहिली तपासणी सोपी आहे: रक्तातलं सीपीके. डीएमडीत ते अनेक पटींनी वाढलेलं असतं. एसजीओटी-एसजीपीटीही वाढतात, त्यामुळे कधीकधी उगाच लिव्हरचा आजार समजून वेळ जातो. पक्कं निदान जीन तपासणीने होतं.

सुरुवात मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाकडून करता येते. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात डीएमडीचा समावेश आहे. त्याखाली ठरलेल्या केंद्रांमध्ये उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. २६ कोटींपुढे ही रक्कम तोकडीच. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड, नियमित व्यायामोपचार, हृदयाची आणि श्वासाची तपासणी हे आजही हाताशी आहे. स्टेरॉइडने चालणं थांबण्याची वेळ काही वर्षं पुढे जाते. "स्टेम सेलने बरं करतो" म्हणणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. आयसीएमआरच्या नियमांत डीएमडीसाठी अशा उपचाराला मान्यता नाही.

म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर आधी तीन गोष्टी विचारा: आजार नेमका कोणता, मुलगा अजून चालतो का, आणि औषध कोणत्या डॉक्टरांनी सुचवलं? उत्तरं मिळाली की मग मदत करा, जमेल तेवढी.